बंदरातल्या इमारतींची वीज वाचवायला डिजिटल मॉडेल कसं वापरायचं: न्हावा शेवा, मुंबई, मुरगावच्या हवेसाठी सविस्तर गाईड

बंदर म्हटलं की क्रेन, जहाजं, ट्रेलरच्या रांगा हेच डोळ्यासमोर येतं आणि विजेचा विषय निघाला तरी चर्चा क्रेन आणि रीफर (माल गार ठेवणाऱ्या) कंटेनरपाशीच थांबते. पण त्या कंपाउंडमध्ये इमारती किती असतात बघा, ॲडमिन बिल्डिंग, गेट कॉम्प्लेक्स, कंट्रोल रूम, कस्टमचं ऑफिस, वर्कशॉप, कॅन्टीन, फायर स्टेशन, सबस्टेशन, पत्र्याची गोदामं. त्यातल्या कितीतरी चोवीस तास चालू असतात, बाहेर बारा महिने खारी दमट हवा, आणि एसी कसे लागलेत तर ज्या साहेबांना जेव्हा उकडलं तेव्हा एकेक वाढत गेलेत. कुठल्या खोलीत किती वीज जाते हे विचारलं तर उत्तर कोणाकडेच नसतं कारण मीटर एकच, तोही सबस्टेशनला.

इथेच डिजिटल मॉडेल कामाला येतं. केंद्राच्या बंदर मंत्रालयाने मे २०२३ मध्ये 'हरित सागर' ही ग्रीन पोर्ट मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यात दर टन मालामागचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी करायचं लक्ष्य आहे, त्यामुळे मोठ्या बंदरांमध्ये आता सोलर, इलेक्ट्रिक ट्रक, एलईडी हायमास्ट (उंच खांबांवरचे दिवे) असं बरंच चाललंय. इमारतींचं काम मात्र बहुतेक वेळा 'जुने एसी काढा, नवीन फाइव्ह स्टार लावा' इथेच संपतं. एसी बदलणं चूक नाही पण ते बाकी सुधारणा झाल्यावर करायचं काम आहे, आणि ते का हे मॉडेलमध्ये आकड्यांनिशी दिसतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. मॉडेल दोन प्रकारची असतात आणि लोक दोन्ही एकच समजतात. पहिलं बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) मॉडेल, म्हणजे इमारतीचं थ्रीडी ड्रॉइंग ज्यात भिंत ही नुसती रेघ नसते, ती किती जाडीची, कशाची, कुठल्या खोलीची, हे सगळं तिच्यासोबत नोंदलेलं असतं. दुसरं एनर्जी मॉडेल, ते वर्षाचे ८,७६० तास एकेक करून हिशोब करतं की या तासाला बाहेर एवढं ऊन, एवढा दमटपणा, आत एवढी माणसं, एवढे दिवे, मग एसीला किती वीज लागेल. पहिल्यातून दुसऱ्यात माहिती न्यायची असते. बिल दुसऱ्यामुळे कमी होतं, आणि तेही तेव्हाच जेव्हा ते मॉडेल खऱ्या बिलाशी जुळवलेलं असतं. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे, मॉडेल सुंदर नसलं तरी चालेल पण लाइट बिलाशी जुळलंच पाहिजे.

पायरी १: एकच इमारत निवडा आणि एकच प्रश्न ठरवा

पूर्ण बंदराचं डिजिटल ट्विन, म्हणजे संगणकातली हुबेहूब प्रत, करायचं असं ठरवून सुरुवात केली की दोन वर्षं टेंडरमध्ये जातात. त्यापेक्षा एक इमारत घ्या, शक्यतो अशी जिचा स्वतःचा मीटर आहे किंवा जिच्या फीडरवर (तिला वीज पुरवणाऱ्या लाइनवर) मीटर बसवता येईल. आणि प्रश्न नेमका ठेवा. 'ॲडमिन बिल्डिंगचं गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षी होणारच आहे, त्यासोबत इन्सुलेशन टाकलं तर परवडेल का' हा चांगला प्रश्न आहे. 'ऊर्जा कार्यक्षमता वाढवणे' हा प्रश्न नाही, तो फाइलवरचा विषय झाला.

पुढच्या हिशोबासाठी आपण एक उदाहरण धरू. समजा न्हावा शेवा भागात एक तळमजला अधिक दोन मजल्यांचं ऑफिस आहे, प्रत्येक मजला ८०० चौरस मीटर म्हणजे एकूण २,४००, वर्षाचा वापर ३,६०,००० युनिट. म्हणजे चौरस मीटरला वर्षाला १५० युनिट. हा आकडा लिहून ठेवा, याला ईपीआय (एनर्जी परफॉर्मन्स इंडेक्स) म्हणतात, बीईई म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं ऑफिस इमारतींचं स्टार रेटिंगही यावरच चालतं. युनिटचा दर हिशोब सोपा जावा म्हणून १० रुपये धरू, तुमच्या बिलावर जो असेल तो घाला.

पायरी २: मॉडेलच्या आधी मीटर

हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि निम्मी उत्तरं इथेच मिळतात. किमान १२ महिन्यांची बिलं काढा, २४ महिने मिळाली तर फारच उत्तम. त्यात नुसती युनिट बघू नका, मॅक्झिमम डिमांड (एका वेळी खेचलेला सर्वाधिक लोड) किती, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामी किती येते त्याचं प्रमाण) किती, कुठल्या वेळेच्या स्लॉटमध्ये किती वापर हे पण टिपा, एचटी (उच्च दाबाच्या) बिलावर हे सगळं छापलेलं असतं. मग सिंगल लाइन डायग्राम (वीज कुठून कुठे जाते त्याचा नकाशा) घ्या आणि इलेक्ट्रिकलच्या माणसासोबत पॅनेल टु पॅनेल फिरा, कारण बंदरात इमारतीच्या फीडरवर भलतंच काही जोडलेलं असतं, यार्डातला हायमास्ट, वजनकाटा, पंप, कधी बाजूच्या केबिनी. रीफरचे प्लग त्याच फीडरवर असले तर ते वेगळे मोजल्याशिवाय पुढे जाऊच नका, नाहीतर मॉडेल कधीच जुळणार नाही.

आता सगळ्यात कामाचं माप. रात्री दोन वाजता मीटरवर लोड किती आहे ते बघा, आठवडाभर रोज. डेटा लॉगर लावता आला तर १५ मिनिटांचं रीडिंग घ्या, नाहीतर नाइट शिफ्टच्या ऑपरेटरला वहीत लिहायला सांगा. समजा आपल्या उदाहरणात रात्री दोनला २२ किलोवॅट निघाले. २२ गुणिले ८,७६० म्हणजे १,९२,७२० युनिट, म्हणजे वर्षाच्या वापरातला निम्म्याहून जास्त भाग हा कधीच बंद न होणारा लोड आहे! कंट्रोल रूम, सर्व्हर, सीसीटीव्ही, सिक्युरिटी यांना समजा त्यातले १२ लागतात. उरलेले १० किलोवॅट रात्री १० तास कशाला चालू आहेत? ते बंद झाले तर १० गुणिले १० गुणिले ३६५, वर्षाला ३६,५०० युनिट, म्हणजे बिलाचे १० टक्के, आणि अजून आपण मॉडेलला हातही लावलेला नाही.

पायरी ३: परवानग्या, ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष मापं

बंदर हा सुरक्षेचा परिसर आहे, जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय आयएसपीएस कोड जुलै २००४ पासून लागू आहे आणि मोठ्या बंदरांवर सीआयएसएफ असतं, त्यामुळे लेझर स्कॅनर किंवा ड्रोन घेऊन थेट पोचू नका. सर्व्हे कोण करणार, कुठली उपकरणं आत येणार, फोटो कुठे काढायचे आणि कुठे नाही, हे आधी लेखी घ्या. ड्रोन तर टाळलेलाच बरा, तीन मजली इमारतीला त्याची गरज नसते.

तशीच काळजी फाइलचीही घ्या. ज्या मॉडेलमध्ये कंट्रोल रूम, सबस्टेशन, सर्व्हर रूम, कॅमेऱ्यांच्या जागा आहेत ते फुकटच्या कुठल्याही क्लाउडवर चढवायचं नसतं. आयएसओ १९६५० या मानकाचा पाचवा भाग खास याच विषयावर आहे, माहिती कोणाला किती दाखवायची यावर. एनर्जीच्या हिशोबाला कॅमेरा कुठे आहे हे लागत नाही, मग ते मॉडेलमध्ये टाकूच नका.

ड्रॉइंगबद्दल सांगायचं तर जुनी ड्रॉइंग मिळतात पण इमारत तशी राहिलेली नसते. बाल्कनी बंद करून रूम केलेली असते, ओपन हॉलच्या चार केबिन झालेल्या असतात, खिडकीत विंडो एसी होता तिथे आता प्लाय ठोकलेला असतो. लेझर टेपने प्रत्येक मजल्याची मुख्य मापं घ्या, खिडक्यांची रुंदी उंची, छज्जा किती बाहेर आलाय, स्लॅबची जाडी, फॉल्स सीलिंगच्या वर किती पोकळी. काच साधी आहे की फिल्म लावलीय ते बघा. आणि प्रत्येक एसीची पाटी वाचा, क्षमता, वर्ष, मॉडेल नंबर, आउटडोअर युनिट कुठे आहे आणि त्याच्या फिन्सची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांची) अवस्था काय. समुद्राकाठी दोन पावसाळ्यांत ॲल्युमिनियमच्या फिन्स बोटाने दाबल्या तर भुगा होतो अशी परिस्थिती येते, त्यामुळे पाटीवरची कार्यक्षमता आणि प्रत्यक्षातली यात मोठा फरक असतो. मुरगावसारख्या कोळसा आणि लोहखनिज हाताळणाऱ्या बंदरात तर खाऱ्या थरावर धुळीचा थर, म्हणजे कंडेन्सर (आउटडोअर युनिटमधला उष्णता टाकणारा भाग) जवळजवळ गोधडीत गुंडाळल्यासारखा.

मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या इमारती हा वेगळाच विषय. ब्रिटिश काळातले वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यातल्या त्या जाड दगडी भिंती, बाहेरून इन्सुलेशन वगैरे शक्यच नाही, हेरिटेज समितीची परवानगी लागेल. पण जाड दगड दिवसाची उष्णता उशिरा आत सोडतो हा गुण मॉडेलमध्ये नीट पकडायचा, म्हणजे भिंतीचा नुसता यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा) न देता दगडाची घनता आणि जाडी द्यायची. तिथे सुधारणा खिडक्या, सावली, दिवे, पंखे आणि एसी चालवायची पद्धत यातूनच होणार.

पायरी ४: बिम मॉडेल, पण एनर्जीच्या कामापुरतं

सॉफ्टवेअर कुठलं हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. रेव्हिट किंवा आर्किकॅड ऑफिसमध्ये असेल तर तेच, नसेल तर फ्रीकॅड किंवा ब्लेंडरवर चालणारं बोन्साय फुकट आहे आणि दोन्ही आयएफसी फाइल बनवतात. आयएफसी ही कुठल्याही कंपनीची मालकी नसलेली फाइल पद्धत आहे, आयएसओ १६७३९ म्हणून मान्य. टेंडर काढत असाल तर 'मूळ फाइल आणि आयएफसी दोन्ही द्यायची' ही अट घालाच, नाहीतर कंत्राट संपलं की मॉडेल कोणालाच उघडता येत नाही.

मॉडेलमध्ये काय हवं तर भिंती, स्लॅब, गच्ची, खिडक्या, बाहेरचे दरवाजे, छज्जे, आणि शेजारची उंच इमारत किंवा सायलो जर सावली टाकत असेल तर तो. काय नको तर फर्निचर, रेलिंग, हँडल, टाइल्स, सुंदर रेंडर. पण एका बाबतीत अजिबात ढिलाई नको, खोल्या. प्रत्येक खोली चारही बाजूंनी, वरून आणि खालून बंद पाहिजे आणि तिला नाव पाहिजे. भिंत आणि स्लॅबमध्ये पाच सेंटिमीटरची फट राहिली तर डोळ्याला दिसत नाही, पण एनर्जी सॉफ्टवेअर त्या खोलीला बंद धरत नाही आणि ती खोलीच हिशोबातून गळते.

भिंतींचे थर खरे टाका. जुन्या आरसीसी गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, तो थर टाका. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत युरोप अमेरिकेच्या भिंती भरलेल्या असतात, त्यातली 'कमर्शियल रूफ' उचलली की तुमच्या मॉडेलच्या गच्चीला न मागता इन्सुलेशन मिळतं आणि मग रिपोर्ट म्हणतो की गच्चीत काही फायदा नाही.

पायरी ५: एनर्जी मॉडेलमध्ये नेणं

हिशोब करणारं इंजिन म्हणून एनर्जीप्लस घ्या, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पैशातून तयार झालेलं आणि पूर्ण फुकट आहे, वर ओपनस्टुडिओ हा चेहरा लावला की काम सोपं होतं. पैसे असतील तर डिझाइनबिल्डर किंवा आयईएस. बिममधून न्यायला जीबीएक्सएमएल फाइल बरी पडते, आयएफसीतून थेट नेताना पृष्ठभाग उलटे होणं, खिडक्या गायब होणं हे प्रकार जास्त होतात.

खरं सांगायचं तर जुन्या तीन मजली इमारतीसाठी मला बिममधून एक्स्पोर्ट करून तीनशे एरर निस्तरण्यापेक्षा बिममधली मापं घेऊन ओपनस्टुडिओत साधं मॉडेल नव्याने काढणं जास्त पटतं, दोनेक दिवसांचं काम असतं आणि प्रत्येक पृष्ठभाग तुमच्या ओळखीचा राहतो. मोठं क्रूझ टर्मिनल वगैरे असेल जिथे आकार वेडेवाकडे आहेत तिथे एक्स्पोर्टच करावं लागतं. कुठल्याही मार्गाने गेलात तरी एक तपासणी कराच, एनर्जी मॉडेलमधलं एकूण क्षेत्रफळ, खोल्यांचं घनफळ आणि खिडक्यांचं क्षेत्रफळ हे बिमशी ताडून बघा, दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा आणि शोधा.

झोन, म्हणजे एकत्र हिशोब करायचे भाग, पाडताना प्रत्येक खोलीचा झोन करू नका. ज्या खोल्यांचं वेळापत्रक, ऊन आणि एसी सारखं त्यांचा एक झोन. बाहेरच्या भिंतीपासून साधारण साडेचार मीटरपर्यंतचा पट्टा दिशेनुसार वेगळा आणि आतला गाभा वेगळा, कारण पश्चिमेच्या केबिनमध्ये दुपारी चारला जे होतं ते मधल्या हॉलमध्ये होत नाही. कंट्रोल रूम, सर्व्हर रूम, कॅन्टीन हे कायम वेगळे.

हवामानाची ईपीडब्ल्यू फाइल मुंबईची सहज मिळते. ती कुठल्या केंद्राची आहे ते मात्र बघा, सांताक्रूझचं तापमान आणि कुलाब्याचं तापमान सारखं नसतं, खाडीकाठच्या बंदराला कुलाबा जास्त जवळचं. जुळवणीच्या वेळी मात्र ही सरासरी वर्षाची फाइल चालत नाही, ज्या वर्षाची बिलं आहेत त्या वर्षाचं प्रत्यक्ष हवामान लागतं.

पायरी ६: माणसं, शिफ्ट, दरवाजे

सॉफ्टवेअर ऑफिस म्हटलं की सोमवार ते शुक्रवार नऊ ते सहा धरतं. बंदर तीन शिफ्टमध्ये चालतं, रविवारी पण जहाज लागतं, आणि शिफ्ट बदलताना अर्धा तास दोन्ही बॅच आत असतात. ॲडमिन सहाला बंद होतं पण त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मरीन कंट्रोल (जहाजांची ये-जा बघणारं) चोवीस तास. हे सगळं हजेरीतून, सिक्युरिटीच्या रजिस्टरमधून, आणि सरळ लोकांशी बोलून काढायचं. हाउसकीपिंगवाल्या मावशींना विचारा, कुठला एसी सकाळी त्या आल्यावर चालूच असतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

गेट कॉम्प्लेक्सला दरवाजा आणि खिडकी हाच मुख्य लोड. ड्रायव्हर कागद द्यायला येतो, काच सरकते, बाहेरची दमट हवा आत. मॉडेलमध्ये हवेच्या गळतीचा आकडा ऑफिससारखा ठेवला तर तिथलं सगळं गणित चुकतं. दिवसाच्या गर्दीच्या वेळी तासभर उभं राहून दरवाजा किती वेळा आणि किती सेकंद उघडतो ते मोजा आणि तसं वेळापत्रक टाका.

पायरी ७: बिलाशी जुळवणी, इथे घाई नको

आता मॉडेल चालवा. समजा पहिल्यांदा त्याने ३,१६,८०० युनिट सांगितले, खरं बिल ३,६०,०००. म्हणजे मॉडेल १२ टक्के कमी दाखवतंय. चालेल का? नाही. आश्रे या अमेरिकेतल्या एसी-हीटिंग इंजिनिअरांच्या संस्थेच्या गाइडलाइन १४ प्रमाणे महिन्याच्या बिलांशी जुळवताना एकूण फरक पाच टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे आपल्या उदाहरणात वर्षाला १८,००० युनिटच्या आत. आणि दुसरी अट, महिन्यागणिक चुकीचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आत. दुसरी अट का, तर जानेवारीत मॉडेल खूप जास्त आणि मे महिन्यात खूप कमी दाखवत असेल तरी वर्षाची बेरीज छान जुळू शकते, पण असं मॉडेल एसीबद्दल जे काही सांगेल ते खोटं असेल. आपल्याकडे महिन्याची सरासरी ३०,००० युनिट आहे, त्याचे १५ टक्के ४,५००. प्रत्येक महिन्याचा फरक घ्या, वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या, ते साधारण ४,५०० च्या खाली आलं पाहिजे. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. तासाच्या रीडिंगशी जुळवत असाल तर याच मर्यादा १० आणि ३० टक्के होतात.

फरक कुठे शोधायचा याचा एक क्रम आहे. आधी रात्रीचा लोड जुळवा, कारण रात्री ऊन नाही, माणसं कमी, मुख्यतः चालू राहिलेली यंत्रं आहेत. ते जुळलं की डिसेंबर जानेवारीचा दिवस बघा, जेव्हा एसी कमी असतो, त्यातून दिवे, पंखे, कॉम्प्युटर जुळतात. मग मे, तो उन्हाचा आणि एसीच्या क्षमतेचा महिना. शेवटी जुलै, तो दमटपणाचा महिना. या क्रमाने गेलं की एका वेळी एकच गोष्ट हलते. याउलट सगळे आकडे एकदम थोडे थोडे फिरवून बेरीज जुळवली तर ती जुळणी कागदापुरती राहते. आणि प्रत्येक बदल का केला ते वहीत लिहा, 'एसीची कार्यक्षमता २० टक्के कमी धरली' एवढं पुरेसं नाही, 'दोन युनिटवर क्लॅम्प मीटर आणि तापमान लावून मोजली' असं पाहिजे.

पायरी ८: जुलै महिना वेगळा बसून बघा

परदेशातल्या बंदरांचे रिपोर्ट वाचले तर सगळा भर इन्सुलेशन आणि हीटिंगवर असतो, साहजिक आहे, रॉटरडॅम किंवा हॅम्बुर्गला थंडी हाच प्रश्न. आपल्याकडे हीटिंग शून्य, आणि पावसाळ्यात प्रश्न तापमानाचा नसून हवेतल्या पाण्याचा असतो. बाहेर २७-२८ डिग्री, ऊन नाही, त्यामुळे गरजेपेक्षा मोठा बसवलेला एसी पाच मिनिटांत खोली थंड करतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग हवा गार पण चिकट, लोक रिमोट १८ वर नेतात, काचेवर बाहेरून दव धरतं, फायलींना बुरशी येते, आणि तक्रार जाते की एसी कमी पडतोय, अजून एक लावा. नवीन एसी लावला की दुखणं वाढतं.

म्हणून मॉडेलमधून नुसती युनिट काढू नका, प्रत्येक झोनमध्ये किती तास आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली तेही काढा. हे तास जास्त असतील तर उपाय तीन, एसी योग्य मापाचा किंवा इन्व्हर्टरचा जो सावकाश सलग चालतो, बाहेरची ताजी हवा वेगळ्या युनिटमधून कोरडी करून आत घेणं, आणि दरवाजाला डबल डोअर किंवा एअर कर्टन. हवा कोरडी झाली की २५-२६ डिग्री आणि पंखा यात माणूस आरामात बसतो, आणि बीईईच्या म्हणण्याप्रमाणे सेटिंग एक डिग्री वर नेली की साधारण सहा टक्के वीज वाचते.

पायरी ९: उपाय एकेक करून, मग एकत्र

आता जुळलेल्या मॉडेलच्या कॉपी करा आणि प्रत्येक कॉपीत एकच बदल. क्रम असा ठेवा, आधी फुकटचे म्हणजे वेळापत्रक आणि सेटिंग, मग दिवे पंखे, मग गच्ची आणि खिडक्या, मग एसी, मग सोलर. कारण प्रत्येक आधीची पायरी पुढच्या पायरीचं यंत्र लहान करते.

दिव्यांचं उदाहरण घ्या. चोकसकट ५० वॅट खाणाऱ्या जुन्या ३०० ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी लावल्या, वाचले नऊ किलोवॅट, दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ३२,४०० युनिट. पण तेवढी उष्णताही आत येणं थांबलं, त्यातली ८० टक्के एसीच्या खोल्यांत आणि एसीची कार्यक्षमता तीन (एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता बाहेर) धरली तर अजून ८,६४० युनिट एसीचे वाचतात. आपल्या हवेत बारा महिने थंडच करायचं असतं म्हणून हा फायदा पूर्ण मिळतो.

गच्चीचं गणित पण करून बघण्यासारखं आहे. ईसीबीसी २०१७ हा नव्या व्यावसायिक इमारतींसाठीचा कोड, १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडलेला भार असलेल्या इमारतींसाठी, तो गच्चीचा यू-व्हॅल्यू ०.३३ मागतो, आता त्याच्या पुढचा २०२४ चा कोडही आलाय. कोबा असलेल्या जुन्या स्लॅबला हा आकडा अडीच तीनच्या आसपास असतो. ०.३३ ला पोचायला चांगल्या एक्सपीएस (फोमच्या इन्सुलेशन) बोर्डाची जाडी साधारण ८० मिलिमीटर लागते. मॉडेलमध्ये ४०, ६० आणि ८० तिन्ही चालवा, बहुतेक वेळा पहिल्या ४० मिलिमीटरमध्ये मोठा फायदा होऊन जातो आणि पुढे तो आटत जातो, जुन्या इमारतीला परवडेल ती जाडी त्यावरून ठरते. आणि हा फायदा फक्त वरच्या मजल्याला, हे विसरू नका, तीन मजल्यांच्या बिलात तो तेवढाच दिसणार.

पांढरा परावर्तक रंग स्वस्त आणि चांगला, पण डब्यावरचा परावर्तनाचा आकडा मॉडेलमध्ये टाकू नका. बंदरातली धूळ, क्षार आणि पावसाळ्यानंतरचं काळं शेवाळ यात तो वर्षभरात उतरतो, ०.८ लिहिलं असेल तर ०.५ धरून चालवा, आणि दर ऑक्टोबरला गच्ची धुण्याचा खर्च पण त्यात टाका.

सावलीसाठी मुंबई-न्हावा शेवाचं अक्षांश लक्षात ठेवा, साधारण १९ अंश. डिसेंबरमध्ये दुपारी बाराला सूर्य क्षितिजापासून साडे ४७ अंशांवर असतो, मार्च सप्टेंबरमध्ये ७१ वर, म्हणून दक्षिणेच्या खिडकीला आडवा छज्जा चांगला काम करतो. मे च्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत तर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. पश्चिमेला मात्र आडव्या छज्ज्याचा उपयोग नाही, ऊन तिरपं खाली येतं, तिथे खिडकीबाहेर उभ्या पट्ट्या, बाहेरची जाळी किंवा झाडं. आतले पडदे ऊन आत आल्यावर अडवतात, मॉडेलमध्ये दोन्ही चालवून बघा, फरक लगेच दिसतो. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, अशा नव्या बंदरात ज्या इमारती अजून व्हायच्यात तिथे हाच हिशोब डिझाइनलाच केला आणि लांब बाजू उत्तर दक्षिण तोंडाला ठेवल्या तर एक रुपया न घालता एसी लहान होतो.

गोदामांना एसी नसतो म्हणून त्यांना सोडून देऊ नका. पत्र्याखाली काम करणाऱ्या माणसांना मे महिन्यात काय होतं ते मॉडेलमध्ये तापमानाच्या तासांत दाखवा, रिज व्हेंटिलेटर (छपराच्या माथ्यावरचा हवा जाण्याचा झरोका), रंगवलेला पत्रा, पत्र्याखालचं इन्सुलेशन यांची तुलना करा. इथे वीज फार वाचणार नाही, पण माझ्या मते हे काम तितकंच महत्त्वाचं आहे.

एसी आता ठरवा, कमी झालेल्या लोडवर, आणि खाऱ्या हवेसाठी कोटिंग केलेली कॉइल, आउटडोअर युनिटभोवती मोकळी जागा, गोड्या पाण्याने धुवायचं वेळापत्रक हे सगळं टेंडरमध्येच लिहून. सोलरला एका किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर जागा आणि दिवसाला सरासरी चार युनिट हा ढोबळ हिशोब, पॅनेलखाली गच्चीला सावली मिळते ती पण मॉडेलमध्ये धरा.

शेवटी सगळे निवडलेले उपाय एकाच मॉडेलमध्ये घालून चालवा. वेगवेगळ्या बचतींची बेरीज आणि एकत्रित बचत कधीच सारखी येत नाही, एकत्रित कमीच येते, आणि एस्टिमेटला जोडायचा आकडा तोच.

पायरी १०: मंजुरी, काम आणि नंतरची मोजणी

अकाउंट्सला समजेल असं एक पान करा, प्रत्येक उपायाचा खर्च, वर्षाची युनिट, रुपये, किती वर्षांत वसूल, आणि उत्सर्जन किती घटलं, त्यासाठी ग्रीडच्या एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. मॉडेलची अचूकता किती टक्के जुळली होती तेही त्याच पानावर लिहा, प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर मिळालेलं बरं.

काम झाल्यावर 'मागच्या वर्षीपेक्षा बिल कमी आलं' यावर खूश होऊ नका आणि 'वाढलं' म्हणून घाबरू नका, उन्हाळा कडक असू शकतो, एखादं नवीन ऑफिस आत आलेलं असू शकतं. बरोबर पद्धत अशी की जुनं जुळवलेलं मॉडेल घ्यायचं, त्यात नव्या वर्षाचं खरं हवामान आणि नवीन माणसं घालायची पण सुधारणा घालायच्या नाहीत, ते जे बिल सांगेल त्यातून प्रत्यक्ष बिल वजा करायचं, ती खरी बचत. मोजणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत, आयपीएमव्हीपीमध्ये, हा पर्याय ड म्हणून दिलेलाच आहे.

मॉडेल कोणाच्या ताब्यात राहणार हे वर्क ऑर्डर देतानाच ठरवा, इलेक्ट्रिकल विभागातला एक नाव असलेला माणूस, आणि त्याची बदली झाली तर पुढच्याला दोन दिवस शिकवून जायचं. एसी बदलला, पार्टिशन पडलं, नवीन सर्व्हर रॅक आला की त्याच आठवड्यात नोंद. दर तिमाहीला मॉडेलचा आकडा आणि मीटर शेजारी शेजारी ठेवायचे, फरक दहा टक्क्यांच्या वर गेला की इमारतीत काहीतरी बदललंय, मग पहिल्यांदा रात्री दोनचं रीडिंग काढायचं.